तिसरा ताण

खांब वाऱ्यानं पडत नाही. ताण सुटला की पडतो. एवढं एक छापलंत आणि बाकीचं चुलीत घातलंत तरी माझी तक्रार नाही.

आमच्या आळीतले मास्तर दर दिवाळीला अंक काढतात. यंदा ते घरी आले, माझ्या बायकोच्या, शेवंताच्या फोटोला हात जोडले, चहा घेतला आणि म्हणाले, "नामूदादा, तुमी साताऱ्याकडं पयल्या पयल्यांदा टीव्ही बसवलेत. त्या येळच्या गमतीजमती लिवा. लोकास्नी बरं वाटतं वाचाया."

गमतीजमती. बरं. गमती आहेत, त्याही सांगतो. पण मास्तर, माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण पलटणीत, सिग्नलमध्ये, तेही बहुतेक खांबावर चढून तारा ओढण्यात. तेव्हा माझं शुद्धलेखन सुधारा, पण राग सुधारू नका. तो बरोबर लिहिलेला आहे.

पलटणीतून पेन्शन घेऊन आलो तेव्हा साताऱ्यात पारीसअण्णांचं दुकान होतं. रेडिओ, पंखे, लग्नाचे कर्णे. माणूस सांगलीकडचा, जैन, बोलायला मऊ. पुण्याजवळ सिंहगडावर टॉवर झाला आणि मुंबईची टीव्ही घाटाच्या अलीकडं दिसायला लागली, तेव्हा अण्णांनी मला बोलावलं. म्हणाले, "नामदेवराव, तुमाला उंचीची भीती न्हाई. मला धंद्याची न्हाई. करूया."

आता ज्यांच्या घरात भिंतीएवढा टीव्ही आहे, त्यांना सांगतो हे काम कसं असायचं. साताऱ्यापर्यंत चित्र यायचं ते दमून भागून यायचं. त्याला धरायला उंच खांब लागायचा. लोखंडी नळ्या एकीत एक बसवायच्या, टोकाला ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा सांगाडा, खाल्लेल्या माशासारखा. हा खांब स्वतःच्या पायावर कधीच उभा नसतो. त्याला तीन बाजूंनी जस्ती तारेचे ताण द्यायचे, प्रत्येक ताण जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखेला आवळायचा. तीन. तिवईला तीन पाय का असतात, ते ज्याला कळतं त्याला हेही कळतं.

खांब उभा झाला की मी वर. सांगाडा जरासा फिरवायचा, की खाली चित्र यायचं किंवा जायचं. पण मला वरून चित्र दिसत नाही आणि टीव्हीपुढं बसलेल्याचा आवाज मला ऐकू येत नाही. म्हणून मध्ये अंगणात एक माणूस उभा लागतो. आतला म्हणणार आलं, अंगणातला ओरडणार आलं, मी हात थांबवणार. सुरुवातीला अण्णांनी एक माणूस दिला होता, त्याचा आवाज म्हणजे शेळी गेली पाण्यात. एकदा शेवंता माझा डबा घेऊन आली होती. तिनं थोडा वेळ त्याची तारांबळ बघितली आणि पदर खोचून अंगणात उभी राहिली. "आलंऽऽ" अशी हाळी दिली की शेजारच्या आळीतली कुत्री उठली. त्या दिवसापासून ते काम तिचं. इस्लामपूरकडच्या मळ्यात पाखरं राखून कमावलेला आवाज होता तो. आम्ही दोघं सायकलवरून जायचो, मागं ती, मांडीवर तारेचं भेंडोळं. लोक हसायचे. ती म्हणायची, "हसू द्या. त्यांच्या बायका त्यांच्यासंगं कवा सायकलवर बसल्यात का?"

मास्तरांना हवी ती गंमत इथं घ्या. पारीसअण्णांचे मेहुणे सांगलीत हळदीचे व्यापारी. त्यांना टीव्ही पाहिजेच. अण्णांनी सांगितलं, तिथवर चित्र पोचत नाही. मेहुणे म्हणाले, पैलवान खांब लावा. लावला. दिसल्या नुसत्या मुंग्या. काळ्यापांढऱ्या, सरसर सरसर. मी म्हणालो, काढतो. तर त्यांच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, राहू दे, आवाज तरी येतोय. मग रोज संध्याकाळी अख्खं घर अंघोळ करून मुंग्यांपुढं बसायचं. एके दिवशी मुंग्यांतून एक सावली हलून गेली. झालं, बाई होती का बुवा, यावरून घरात दोन तट पडले. शेवंताला निवाडा विचारला. ती म्हणाली, "आजी, जे असंल ते, पण चपला न काढता आलं." म्हातारी मनापासून हसली आणि तिला हळदीची पुडी दिली.

झाली गंमत. आता माझं.

कोरेगावच्या अलीकडं एका गावात टेकाडावर बापूसाहेबांचा बंगला होता. ऊस, विहिरी, कारखान्यात वजन. माणूस दुष्ट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दुष्ट माणसावरचा राग लवकर संपतो. बापूसाहेबांना फक्त एकच होतं, आपल्याकडं जे आहे ते चारचौघांनी बघावं. पंचक्रोशीत पहिली टीव्ही त्यांची. खांब मीच उभा केलेला. बंगल्याच्या कोपऱ्याला, पुढचं अंगण आणि मागचं परसू यांच्या मध्ये. एक ताण गोठ्याकडं, एक चिंचेकडं आणि तिसरा पुढच्या अंगणातून आडवा जाऊन तुळशीपलीकडच्या मेखेला.

रोज संध्याकाळी अंगणात गाव जमायचं. बातम्या झाल्या की शेवटी हवामान सांगायचे. एक बाई कागद बघून वाचायची, आकाश निरभ्र राहील. पहिल्यांदा सगळे एकमेकांकडं बघायला लागले, निरभ्र म्हणजे काय? बापूसाहेबांनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली, म्हणून सगळ्यांनी हलवली. आणि इथंच ती चूक सुरू झाली, जी अख्ख्या गावानं मिळून केली. टीव्ही आमच्या गावात, बाई बोलते आमच्या अंगणात, तर हवा सांगते तीही आमचीच. कुणी असं तोंडानं म्हणालं नाही. पण सगळे तसं धरून चालले. बाईनं पाऊस म्हटलं की लोक कडबा झाकायचे. बाई बोलत होती मुंबईचं. तिच्या कागदावर ते गाव नव्हतं, तालुका नव्हता. मीही तसंच धरायचो. मला हवामानातलं काही कळत नाही, अजून कळत नाही. मला कळतो तो ताण.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी बापूसाहेबांच्या लेकीचं, मंगलचं लग्न ठरलं. मुलाकडचे सांगलीकडचे, तेही ऊसवालेच. आणि नेमकं लग्नाच्या तोंडावर टीव्हीवर सांगायला लागले, अरबी समुद्रात मोठं वादळ आहे. कोळ्यांनी समुद्रात जाऊ नये. आमच्याकडं कोळी कुठला, पण माणसं असं मन लावून ऐकायची की जणू प्रत्येकाची होडी बांधायची राहिली आहे. रोज गर्दी वाढायला लागली. वादळ पुढं सरकलं, वादळ थांबलं, वादळानं दिशा बदलली. बापूसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मांडव सांगून झालेला, आचारी सांगून झालेले. त्यांनी अण्णांकडं निरोप धाडला, नाम्याला लग्न होईस्तोवर इथंच ठेवा, टीव्ही बंद पडता कामा नये. म्हणून मी आणि शेवंता तिथं राहिलो.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी बाईनं वाचलं, वादळ मुंबईपासून दूर गेलं आहे, मुंबईला असलेला धोका टळला आहे. बापूसाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी टीव्हीला नमस्कार केला आणि जमलेल्या सगळ्यांना गूळ वाटला. "टळला रं बाबांनो, टळला," असं म्हणत ते घरभर फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोरेगावहून दिव्यांच्या वायरी घेऊन परत आलो, तर शेवंता मांडववाल्याशी भांडत उभी. तुळशीपलीकडची मेख उपटून टाकलेली. तिसरा ताण गुंडाळून खांबाच्या बुडाशी बांधून ठेवलेला, जनावराचं दावं ठेवतात तसा. आडवी तार बोहल्याच्या मध्ये येत होती, म्हणून.

मी तडक बापूसाहेबांकडं गेलो. त्यांच्याभोवती पाहुणे होते. मी म्हणालो, "बापूसाहेब, तिसरा ताण सोडलाय. एक तर तो लावू द्या, न्हाईतर मला खांब उतरू द्या."

ते म्हणाले, "अरं नाम्या, बोहल्यातनं तार नेऊ व्हय? नवरदेवाच्या मुंडावळ्या अडकतील."

सगळे हसले. मी म्हणालो, "मग उतरवतो. लगीन झालं की परत उभा करतो."

"आणि संध्याकाळी व्याह्यास्नी काय दाखवू? तुझं तोंड?" मग आवाज खाली आणून, पाठीवर हात ठेवून, "गड्या, वादळ टळलंय. तूच न्हाई का काल टीव्ही लावून दिलीस? दोन ताण हायत की. एक दिसाचा तर प्रश्न."

शेवंता माझ्या मागं येऊन उभी होती. ती म्हणाली, "बापूसाहेब, आज तुमी एका पायावर उभं ऱ्हाऊन बघा. एक दिसाचाच प्रश्न हाय."

त्यावरही हसले सगळे. बापूसाहेबसुद्धा. बाई लय तिखट आहे म्हणाले. हसून मारून टाकलेली गोष्ट परत उठत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

लोक मला अजून विचारतात, मग तू का नाही लावलास जबरदस्तीनं? अरे, लावला. दुपारी जेवणं चालू असताना मी मांडवाच्या कडेनं दुसरी मेख ठोकायला घेतली. बापूसाहेबांच्या भावानं माझ्या हातातला हातोडा काढून घेतला आणि मला माझी पायरी दाखवली. गरिबाला लोक दोन वेळा शहाणपण विचारतात. काम अडलं असताना, आणि अपघात झाल्यावर.

संध्याकाळी वऱ्हाड आलं. पायघड्या, अत्तर, सरबत. टीव्ही ओसरीवर, झालर लावलेल्या टेबलावर. मी लावून दिली, शेवंतानं शेवटचं "आलंऽऽ" म्हटलं आणि चित्र स्वच्छ आलं. सांगलीकडच्या पाहुण्यांनी मुंग्यांशिवायची टीव्ही कधी बघितली नव्हती. बातम्या झाल्या. बाईनं वाचलं, वादळ आणखी दूर गेलं आहे, मुंबईत आकाश अंशतः ढगाळ. व्याह्यांनी टाळी दिली. बापूसाहेब म्हणाले, "बघा, समदं इचारून केलंय आमी."

परसात जाता जाता शेवंता थांबली आणि त्या आवाजात म्हणाली, "त्या बाईस्नी कोरेगाव ठाव हाय का, ते बी इचारा की."

ह्या वेळी कुणी हसलं नाही, कारण पश्चिमेकडून पहिली झुळूक आली होती आणि ती थंड होती.

ते त्या समुद्रातल्या वादळाचं शेपूट होतं, का आमचा आपला वळीव, ते मला माहीत नाही. शिकलेली माणसंही वेगवेगळं सांगतात. मला एवढं दिसलं की डोंगराकडची बाजू तांबडी झाली आणि धुळीची भिंत उठली. दिवे गेले. मांडवाचं कापड फुगलं, फडफडलं, बांबू एकावर एक आपटायला लागले. पाहुणे बंगल्यात पळाले. मी खांबाकडं पळालो.

वारा पुढून येत होता. तिसरा ताण असता तर त्यानं खांबाला पुढून धरलं असतं. तो नव्हता, म्हणून खांब मागं झुकायला लागला. मागं काय होतं? मागं परसू होतं. तिथं छपराखाली चुली, पोळ्या लाटणाऱ्या आळीतल्या बाया, त्यांची पोरं, आणि घोंगड्यावर निजवलेली तान्ही. पुढं असणारी मोठी माणसं तशीही वाचणार होती. पडणार ते कामाच्या बायकांवर.

मी बुडाशी गुंडाळलेली तार सोडली, तिचं टोक घेऊन पुढं वाऱ्यात ओढत गेलो. आवळायला काही नाही. मेख उपटलेली, मांडवाचे बांबू स्वतःच उडायला आलेले. मी पाय रोवले आणि तार खांद्यावरून घेऊन हाक मारली. बंगल्याची खिडकी माणसांनी भरली होती. ती माझ्याकडं बघत होती, मगाशी टीव्हीकडं बघत होती तशी. कुणी बाहेर आलं नाही.

शेवंता आली. माझी हाक तिला कुठूनही कळायची. तिनं खांबाकडं बघितलं, एकदा मागं वळून त्या मळ्यातल्या आवाजात ओरडली, "परसू सोडाऽऽ, पोरं उचलाऽऽ," आणि माझ्या मागं येऊन तार धरली.

माझ्या हातात पलटणीतले चामडी मोजे होते. तिच्या हाताला कणीक होती. तार सुळकन निसटायला लागली. तेव्हा तिनं ती मनगटाला वेढा देऊन धरली. तार अशी कधी धरायची नसते. हे मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. मी ओरडलो, "शेवंते, येढा काढ."

ती म्हणाली, "पोरं हायत."

खांब कुरकुरत होता. आम्हाला परसू दिसत नव्हतं. मग तिनं तेच केलं जे आम्ही इतकी वर्षं करत होतो. हाळी दिली, "झालं काऽऽ?" आणि मागच्या दारातून एका पोरीचा आवाज आला, "न्हाईऽऽ." मंगल होती ती. अंगाला हळद लागलेली, उद्याची नवरी, पोरं बाहेर काढत होती. पुन्हा शेवंतानं विचारलं, पुन्हा नाही. तिच्या हाताचं काय होत होतं ते मला पाठीमागं दिसत नव्हतं, पण तिचा श्वास ऐकू येत होता. मग मंगल ओरडली, "झालंऽऽ, सोडा, मामी, सोडाऽऽ."

मी सोडली. तिला सोडता आली नाही. तार मनगटात रुतली होती. खांब गेला, तिला दोन हात फरफटत घेऊन गेला, छपरावर आडवा पडला आणि चुली विझल्या. माणूस एकही मेलं नाही. एका पोराला खरचटलंसुद्धा नाही.

मिरजेला नेलं तिला. हात ठेवला डॉक्टरांनी, कापला नाही. पण तो नुसता लोंबता. बोटं आत वळलेली, थंडीत निळी पडायची. उजवा हात.

लग्न दुसऱ्या दिवशी शाळेत लागलं. वेळेवर लागलं.

पुढं बापूसाहेब दवाखान्यात आले. सोबत चार माणसं, नारळ, आणि भारी साडी. खाटेजवळ उभं राहून म्हणाले, "काय करणार, शेवंताबाई, अंदाज चुकला." टीव्हीचा, म्हणजे. शेवंतानं साडीवरून डावा हात फिरवला, पोत बघितला आणि म्हणाली, "चांगली हाय. पर नेसाया दोन हात लागत्यात, बापूसाहेब."

ते खाली बघून गेले. पण गावात जाऊन पुन्हा तेच. अंदाज चुकला. पारीसअण्णासुद्धा, देव त्यांचं भलं करो, आयुष्यभर हेच म्हणाले. पारावर हेच, सोयऱ्यांत हेच, आणि सांगता सांगता ते इतकं गुळगुळीत झालं की मुलंसुद्धा म्हणायची, त्या काळी टीव्हीवर हवामान चुकीचं सांगायचे. तेवढ्यानं माझं रक्त तापतं ते अजून निवत नाही. अंदाज चुकला नव्हता! बाई म्हणाली मुंबईचा धोका टळला, आणि मुंबईचा टळलाच होता. तिनं तिचं काम बरोबर केलं. जिला तुम्ही कधी भेटला नाहीत, जी तुम्हाला कधी जाब विचारायला येणार नाही, अशा काचेतल्या बाईच्या गळ्यात तुम्ही आमचा खांब घातला. मेख तिनं उपटली होती का?

शेवंता त्यानंतरही माझ्याबरोबर यायची. आवाजाला हात लागत नाही म्हणायची. पण घरी भाकरी मी थापायचो. लुगड्याच्या निऱ्या मी धरायचो, केस मी विंचरायचो, अंबाडा मी बांधायचो. मित्र म्हणाले, नाम्या बायल्या झाला. झालो. पहिल्या पहिल्यांदा अंबाडा ढिला व्हायचा, दुपारपर्यंत सुटायचा. ती आरशात बघून म्हणायची, "खांबाला बरा ताण देता, आणि बायकूच्या डोक्याला ही मिजास व्हय?" मग जमायला लागलं. तिला त्या वाकड्या हाताचं वाईट वाटायचं का? वाटायचं. लेकीच्या लग्नात ओवाळताना ताट धरता येईना, तेव्हा मागच्या खोलीत जाऊन बसली होती. तेव्हाही कुणीतरी समजूत घालायला आलं आणि म्हणालं, आता वादळाला कोण काय करणार.

म्हातारपणी आमच्या घरीही टीव्ही आली, खांबाशिवायची. शेवंता रोज हवामान बघायची, आणि त्या पोरींशी भांडायची. आताशा जिल्ह्याजिल्ह्याचं सांगतात. सातारा, सांगली असं नाव आलं की ती म्हणायची, "आता आली आमची आठवण." मग माझ्याकडं वळून, "आवं, एकदा कुणीतरी यावं आन म्हणावं, ताण आमी सोडला. मला दुसरं काय बी नगं."

ह्या आषाढात ती गेली. तापाचं निमित्त. बायका तिला तयार करत होत्या, मळवट भरत होत्या, केस मोकळेच ठेवत होत्या. मी म्हणालो, सरा. एक म्हातारी म्हणाली, बापयानं हात लावू नये आता. मी तिला काय बोललो ते मास्तर छापणार नाहीत. अंबाडा मी बांधला. घट्ट बांधला.

तेराव्याला विलासराव आले, बापूसाहेबांचे चिरंजीव. बापूसाहेब कधीच गेले. विलासराव आता मोठे, गाडी गल्लीत मावेना. सोबत त्यांची बहीण मंगल, केस पांढरे झालेली. विलासरावांना लोकांनी दोन शब्द बोला म्हटलं. ते उभे राहिले. म्हणाले, मामी धीराच्या. त्या काळी हवामानाचा अंदाज असा बेभरवशाचा. आज आपल्या खिशातल्या फोनवर कळतं पाऊस किती वाजता येणार. तेव्हा हे असतं तर मामींचा हात वाचला असता. आणि त्यांनी खरंच फोन खिशातून काढून लोकांना दाखवला.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "विलासराव, फोन ठेवा. अंदाजाला मधी आणू नगा. ताण कुणी सोडला तेवढं बोला."

माझ्या जावयानं माझा दंड धरला. विलासराव म्हणाले, "नामूमामा, आजच्या दिवशी हे नको. झालं गेलं."

तेव्हा बायकांतून मंगल उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताण बापूंनी सोडायला लावला. माझ्या बोहल्यासाठी. मी खिडकीत हुते, मामी भांडत हुत्या ते बी ऐकलं. परसातलं शेवटचं पोर निघंस्तवर त्यांनी तार धरली. सोडा म्हणून मीच वराडले. उशिरा वराडले."

विलासराव खाली बसले.

एवढी वर्षं मला वाटायचं, हे वाक्य ऐकलं की माझा राग उतरेल. उतरला नाही, गड्यांनो. दुप्पट झाला. ही बाई सगळं जाणून होती. हिचं सासर सांगलीत, माहेर कोरेगावात. दोन्हीकडं जाणारी एसटी साताऱ्यावरून जाते. शेवंता खाटेवर होती, टीव्हीतल्या पोरींशी भांडत होती, कुणीतरी येऊन एवढंच म्हणावं म्हणून वाट बघत होती.

मंगल माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "लय उशीर केलास, बाई."

ती म्हणाली, "व्हय, मामा."

तिनं सबब सांगितली नाही, डोळ्याला पदर लावला नाही. पाहुण्याला बस म्हणायचं असतं, चहा घेणार का विचारायचं असतं. मी विचारलं नाही. ती शेवंताच्या फोटोपुढं जमिनीवर बसली. विलासरावांनी गाडीतून दोनदा हॉर्न वाजवला. ती उठली नाही.

मी बसू दिलं.